आईचा रकाना

पहूर, ता. जामनेर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. हितेंद्र यास तोतारामनानाचे आशीर्वाद.

तुझ्या कुटुंबसूचीच्या अ‍ॅपने माझ्या घरात काय घोळ घातलाय तो आधी ऐक, बाकीचं मग. काल तेजसने मोबाइलवर आमच्या घराचं पान उघडून दाखवलं. वर मी आणि लताबाई, आणि आमच्या खाली मुलं म्हणून तेजस आणि नूतन. अरे, नूतन आमची सून! तुझ्या यंत्राने तिला आमची मुलगी करून टाकलं, म्हणजे नवराबायको बहीणभाऊ झाले. मग त्यांची दोन लेकरं कोणाची हे यंत्राला कळेना, तर तीही आमच्याच खाली ढकलली. चौसष्टाव्या वर्षी लताबाईला चार वर्षांची मुलगी! नूतन हसून हसून स्वयंपाकघरात जाऊन बसली. तेजसने मात्र चिडून ते पान बंद केलं.

वरणगावच्या फॅक्टरीत स्टोअरला मी चौतीस वर्षं काढली. तिथे मालाच्या प्रत्येक प्रकाराला एक कार्ड असे, आणि एका खिळ्याची नोंद दुसऱ्या कार्डावर गेली तर साहेब जेवायला सोडत नसत. तुझे आजोबा अभिमनराव माझ्या शेजारच्या टेबलाला बसायचे. आज असते तर त्यांनी तुला चांगलं फैलावर घेतलं असतं. समाजाच्या मंडळाने पहूरच्या घरांचं काम माझ्याकडे दिलं ते याच सवयीमुळे. आणि म्हणूनच मी तुला फोन न करता लिहितो. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे सांगितलंच नाही असं धरत. तूही उत्तर लेखी दे.

सोबत त्रेसष्ट घरांचे फॉर्म एसटीच्या पार्सलने पाठवतोय. आमच्या अंगणवाडीच्या मयुरीने घरोघर जाऊन भरून घेतले आणि मी वाचून सह्या केल्या. एकदोन म्हाताऱ्यांनी तिला काहीबाही सांगितलं असेल, तिकडे फार लक्ष देऊ नको. आधी माझ्या सुनेला सून कर.

तोताराम


धुळे
२१ नोव्हेंबर २०२४

ती. नानांना हितेंद्रचा साष्टांग नमस्कार, आणि नूतनवहिनींना व तेजसदादांना दोन्ही हात जोडून माफी.

चूक माझीच. अ‍ॅपमध्ये प्रत्येक माणसाची एक नोंद आणि तिला एक क्रमांक आहे. मुलाच्या नोंदीत दोन रकाने असतात, एकात आईचा क्रमांक आणि दुसऱ्यात वडिलांचा. तेवढ्यावर पिढ्यांची साखळी जोडली जाते. पण कित्येक फॉर्मवर हे रकाने कोरेच आले, तेव्हा मी शहाणपणा करून अंदाज बांधायला लावला. एकच घर, एकच आडनाव आणि वयात अठराच्या वर फरक असला की ते मूल समजायचं. सून लग्न होऊन त्याच घरात, त्याच आडनावाने येते, हे डोक्यातच आलं नाही. माझं लग्न व्हायचंय अजून, एवढीच सबब. आईला सांगितलं तर ती हसून म्हणाली, म्हणूनच होत नाहीये. आता तो अंदाज काढून टाकलाय. जे लिहून आलंय तेवढंच जोडलं जाईल.

तुमचे फॉर्म मात्र बघत राहावे असे आहेत. एकच अडलाय, क्रमांक सत्तेचाळीस. झुंबरबाई, वय अठ्ठ्याऐंशी, विधवा, एकट्या राहतात. अपत्य एक, नाव मगन. वय नाही, वडिलांचं नाव नाही, बायको नाही. "राहणार" या ओळीत मयुरीताईंनी लिहिलंय, "शेजारी". शेजारचा सेहेचाळीस नंबरचा फॉर्म तर तुमच्याच घराचा आहे आणि त्यात मगन कोणी नाही. साऱ्या गावाच्या फॉर्मांत मी शोधला, कुठेच नाही. या एका फॉर्मवर तुमची सहीही राहून गेलीय.

मूल लिहिलंय पण त्याच्या नोंदीत नावाखेरीज काही नाही, म्हणून ते कुठेच जोडता येत नाही. असंच राहिलं तर कुटुंबसूचीचं पुस्तक छापताना बाईंच्या नावापुढे "अपत्य: नाही" असं येईल. म्हातारीने एवढं नाव सांगितलंय तर असं छापायला मन होत नाही. कोण हा मगन, तेवढं कळवा.

तुमचा,
हितेंद्र


पहूर
२९ नोव्हेंबर २०२४

चि. हितेंद्र यास आशीर्वाद.

फॉर्म क्रमांक ४७ बाबत. झुंबरबाईंना मूल झालेलं नाही, हे गावातल्या कोणालाही विचारावं. त्यांचे यजमान लग्नानंतर दोन वर्षांतच वारले. वयोमानाने बाई काहीही सांगतात. मगन नावाची व्यक्ती आमच्या समाजात पहूर येथे नाही. सबब ती नोंद काढून टाकावी. त्या फॉर्मवर सही राहिली नव्हती, मुद्दाम केली नव्हती.

बाकी सर्व ठीक आहे.

तोताराम


धुळे
९ डिसेंबर २०२४

ती. नानांना नमस्कार.

मगनची नोंद काढली. पडद्यावर विचारतं, "ही नोंद कायमची पुसायची का?" तिथे हो म्हटलं की झालं, एका सेकंदाचं काम. खरं सांगू? त्या सेकंदाला मला जरा बरं वाटलं नाही. त्याआधी मयुरीताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "मुलं किती, असं विचारल्याबरोबर झुंबरआजींनी एक बोट वर केलं. आठवावंसुद्धा लागलं नाही." पण नोंदींच्या बाबतीत तुमच्यासारखा काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही, आणि एका माणसाचं ऐकून दुसऱ्याचं सोडायचं तर तुमचं ऐकणं बरं, असं ठरवलं.

प्रत्येक घराचं पान कच्चं छापून मंडळातर्फे घरोघर येईल. ज्याने त्याने वाचून दुरुस्ती कळवायची. पुस्तक बावीस जानेवारीला छपाईला जाणार आणि फेब्रुवारीत जळगावच्या मेळाव्यात वाटलं जाणार. म्हणजे दुरुस्तीला अजून महिना आहे.

नूतनवहिनी आता पक्क्या सून झाल्यात. पान बघून कळवा.

तुमचा,
हितेंद्र


पहूर
२ जानेवारी २०२५

चि. हितेंद्र,

तीन आठवडे तुला उत्तर दिलं नाही. आज देतो, आणि या पत्राची प्रत मी ठेवलेली नाही.

मगन म्हणजे मी.

माझ्या आधी माझ्या आईची, शेवंताबाईची, तीन मुलं सव्वा महिन्याच्या आत गेली. मी झालो तेव्हा घरातल्या बायकांनी ठरवलं की हे मूल आपलं म्हणायचंच नाही. बाराव्या दिवशी मला सुपात घालून मागच्या दारी उकिरड्यापाशी ठेवायचं, आणि ज्या बाईची लेकरं जगलेली आहेत तिने येऊन उचलायचं, बदल्यात सूपभर ज्वारी द्यायची. म्हणजे मूल तिचं झालं. आपल्याकडे अशी पुष्कळ मुलं दुसऱ्यांची होऊन जगली. गल्लीतली पाच लेकरांची एक बाई सांगून ठेवली होती. तिला यायला उशीर झाला. तेवढ्यात शेजारची झुंबर राख टाकायला उकिरड्यावर आली. बावीस वर्षांची, नवरा जाऊन वर्ष झालेलं. मी रडत होतो म्हणून तिने मला उचललं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. बायका धावत आल्या, पण एकदा उचललं ते उचललं. तिच्या घरात पेरणीपुरती ज्वारी होती, ती तिने सुपात ओतली. विधवेच्या हाती गेलेलं मूल काय जगणार, असं सगळे म्हणाले. मी जगलो. मग कोणाची काही बदलायची हिंमत झाली नाही.

मगन हे नाव तिने ठेवलं. माझी आई मला दूध पाजायला तिच्या घरी जायची आणि पाजून परत यायची. मी बारा वर्षांचा होईपर्यंत आई मला "झुंबरचा पोऱ्या" म्हणायची, भीतीने. जावळ झुंबरमायच्या मांडीवर झालं, पहिला घास तिने भरवला, गोवर निघाला तेव्हा नऊ दिवस ती अंथरुणापासून हलली नाही. शाळेत तोताराम लावलं ते वडिलांनी. दोन घरं, दोन चुली, मधे एक भिंत. मला दोन्हीकडे भाकरी मिळायची, आणि पोरगा म्हणून मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

रीत अशी की लग्नाआधी ज्वारी परत करून मूल सोडवून आणायचं. कित्येकांनी ते कधी केलंच नाही. माझ्या वडिलांचाही आग्रह नव्हता. मी केला. नुकता फॅक्टरीत लागलो होतो, कॉलनीत खोली मिळाली होती. उकिरड्यावर टाकलेला, ज्वारीवर विकलेला, असं कोणी म्हणू नये म्हणून मी स्वतः सूप भरून तिच्या दारात गेलो. तिने पदर पसरून ज्वारी घेतली, सूप झटकून परत दिलं आणि म्हणाली, "झालं." त्या दिवसापासून ती मला तोतारामभाऊ म्हणते. गल्लीतले बाकीचे म्हणतात तसं. आणि मी तिला झुंबरअक्का म्हणतो.

तुझ्या फॉर्मवर आईचा एकच रकाना होता. मी शेवंताबाई लिहिलं, ते खरंच आहे. पण मयुरीने भरलेला सत्तेचाळीस नंबर हातात आला तेव्हा मला सगळं कळलं होतं. मी सही केली नाही, आणि तू विचारलंस तेव्हा म्हातारीला भ्रम झालाय असं लिहिलं. चौतीस वर्षांत मी खोटी नोंद केली नव्हती, ती सेवानिवृत्तीनंतर केली. मला लाज वाटत होती. तेजसला, नूतनला यातलं काही माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात कच्ची पानं आली. मयुरी झुंबरमायला तिचं पान वाचून दाखवत होती. दोघी उन्हात बसल्या होत्या, मी भिंतीच्या अलीकडे वाफ्याला पाणी देत होतो. मयुरीने वाचलं, "अपत्य नाही." मग तिलाच राग आला. म्हणाली, "आजी, तुम्ही तर मगन सांगितलं होतं, कोणी काढलं हे? मी मंडळात विचारते." झुंबरमाय म्हणाली, "कोनाले इचारू नको वं पोरी. बरोबर लिव्हलंय. सोडवून नेलं व्हतं ना त्यानं." मग परत म्हणाली, "त्याले काही बोलू नको. चांगला हाये तो."

हितेंद्र, हातातला पाइप तसाच वाहत राहिला आणि सगळा वाफा पाण्याने भरून गेला. मी घरात गेलो आणि लताबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच बायकांनी सांगितलंय. तुम्ही कधी सांगता म्हणून थांबले होते." चाळीस वर्षं थांबली होती.

ती नोंद परत घालता येईल का? तू पुसताना कायमची पुसायची का असं विचारलं होतं, आणि तू हो म्हटलंस, ते माझ्यामुळे. आईच्या रकान्यात दोन नावं बसत नसतील तर तसं स्पष्ट लिही. पण बसत असतील तर बसव. तिला वाचून दाखवायला माझ्याकडे फार दिवस आहेत असं नाही.

तोताराम


धुळे
११ जानेवारी २०२५

ती. नानांना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. तुम्ही रागावणार नाही असं धरून चाललोय. माझी आई साक्रीकडची, तिची अहिराणी तुम्हाला माहीतच आहे. डोळे पुसत मला म्हणाली, "दोन माय शेतस ते दोन लिख ना. तुले काय जड पडस?"

जड पडलं, पाच दिवस गेले. कारण रकाना खरंच एकच होता, आणि त्यात दोन क्रमांक कोंबता येत नाहीत. तेव्हा मी रकानाच काढून टाकला. आता आई मुलाच्या नोंदीतला एक कोपरा नाही. माणसांच्या नोंदी एकीकडे, आणि नात्यांचं वेगळं रजिस्टर दुसरीकडे. या मुलाची ही आई, अशी प्रत्येक नात्याची स्वतंत्र ओळ. एका मुलाच्या अशा दोन ओळी असल्या तरी काही अडत नाही. मंडळाचे लोक म्हणाले, एका घरासाठी एवढं कशाला? मी त्यांना सांगितलं की मला आधी हेच करायला हवं होतं. नंतर चोपडा, यावल आणि शिरपूरचे फॉर्म पुन्हा उघडले, तर एकाच नावावर दोन आया लिहून एक खोडलेली, अशी अकरा घरं सापडली. खोडलेल्या प्रत्येक घरी आता फोन करतोय.

मगनची वेगळी नोंद परत घातली नाही. मगन आहेच, तुमच्या नोंदीत "घरचं नाव" म्हणून लिहिलाय. झुंबरआजींच्या नोंदीपासून तुमच्या नोंदीपर्यंत एक ओळ जोडली. एकच. आणि पान उघडून बघितलं तर त्यांच्या खाली तुम्ही, लताआजी, तेजसदादा, नूतनवहिनी, तुमच्या लेक दिपमालाताई, जावई ललितभाऊजी आणि दोघांची मिळून चारही लेकरं आलेली. दहा माणसं. बाकीच्या नऊजणांसाठी मी काहीच केलं नाही, ती तुमच्यामागून आपोआप आली. माझ्याच सॉफ्टवेअरसमोर मला रडायला आलं, हे कंपनीत कोणाला सांगू नका.

पान सोबत पाठवतोय. एक जागा कोरी आहे. प्रत्येक ओळीला नात्याचा प्रकार लिहावा लागतो, आणि माझ्याकडे तीनच प्रकार आहेत: जन्मदाती, दत्तक, सावत्र. झुंबरआजी यातल्या कशात बसत नाहीत. नवीन प्रकार करायचा तर त्याला नाव काय द्यायचं ते मला सुचत नाही, आणि ते मी ठरवणंही बरोबर नाही. तुम्ही सांगाल ते घालतो. आणि नाना, तुम्हाला लाज वाटली हे तुम्ही लिहिलंत, तसं लिहायला माझ्या ओळखीतल्या कोणाला जमलं नसतं.

तुमचा,
हितेंद्र


पहूर
१८ जानेवारी २०२५

चि. हितेंद्र यास पोटभर आशीर्वाद.

छपाईला चारच दिवस उरलेत म्हणून हे पत्र तेजसच्या हाती पाठवतोय. त्याला सगळं सांगितलंय. मी घाबरत होतो ते उगीच. तो म्हणाला, "मग लहानपणापासून तिच्याकडे आम्हाला एक जास्तीचा लाडू मिळायचा, तो याचा होता तर." नूतन भिंतीपलीकडे गेली आणि झुंबरमायच्या पाया पडून आली.

काल सकाळी मी पान घेऊन तिच्याकडे गेलो. ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि चाळीस वर्षांनी तिला माय म्हटलं. तिने वर पाहिलं नाही, शेंगा सोलत राहिली. मी म्हटलं, "माय, पुस्तकात माझ्या नावापुढे तुझं नाव घातलंय. तू माझी कोण, ते लिहायचंय."

"शेवंतानं जन्म देला. तिचं नाव पह्यलं पाह्यजे."

"पहिलं तिचंच आहे. तुझ्यापुढे काय लिहू?"

"मले इचारतो?" आता तिने वर पाहिलं. "तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "आई."

"मंग लिव्ह ना. त्याले इतके दिस कायले पाह्यजे?"

तेव्हा असं कर. प्रकार वगैरे काही घालू नको. दोघींच्या ओळीत नुसतं आई लिही, शेवंताबाई आधी आणि झुंबरबाई नंतर. ज्या अकरा घरांचं तू लिहिलंस त्यांनाही आधी हेच विचार.

मग मी तिला पान वाचून दाखवलं. दहाही नावं. दिपमालाच्या धाकट्याचं नाव तिला नीट ऐकू आलं नाही, ते तीनदा म्हणायला लावलं. ऐकून झाल्यावर सोललेले दाणे तिने पदरातून माझ्या हातात ओतले आणि म्हणाली, "भूषनकडं माहं एक गाठोडं हाये. ते घेऊन ये."

भूषण म्हणजे तिच्या दिराचा नातू, मागच्या गल्लीत राहतो. मी गेलो, गाठोडं मागितलं. त्याने मला आत बोलावलं आणि पाणी दिलं. कोरं लुगडं, तांब्या, गंगाजळाची डबी, एवढंच त्यात होतं. सहा वर्षांपूर्वी झुंबरमाय स्वतः नेऊन त्याच्याकडे ठेवून आली होती, आणि त्याला म्हणाली होती की मला पोटचं कोणी नाही, माझ्यामागे मडकं तू धर. मला हे माहीत नव्हतं. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे, आणि मला माहीत नव्हतं.

भूषणने गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "नाना, मी तिला तेव्हाच म्हटलं होतं, हे काम त्यांचं आहे."

मी ते घेऊन परत आलो आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने उघडून पाहिलं नाही. लताबाईच्या कपाटात ठेव म्हणाली. मी म्हटलं, "माय, इतक्यात काही लागणार नाही हे."

"न लागो," ती म्हणाली. "पन आपल्या घरी असलेलं बरं."

तुझा,
तोताराम